ओर्लेआंचे ड्यूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सचा इतिहास चाळताना ‘ड्यूक ऑफ ऑर्लिन्स’ नावाचा इसम दर शतकात कुठे ना कुठे आडवा येतो. एकदा पॅरिसच्या रस्त्यात त्याचा खून पडतो, पुढे तोच इंग्रजांच्या कैदेत कविता लिहीत बसलेला दिसतो, मग पाच वर्षांच्या राजाच्या नावाने राज्य चालवतो आणि शेवटी भाऊबंद राजाच्या मृत्युदंडाला मतही देतो. माणसे अर्थातच वेगवेगळी, किताब तेवढा एक. त्यातून उडणारा गोंधळ निस्तरण्यासाठी हे पान.

ऑर्लिन्स, ऑर्लिअन्स की ओर्लेआं?

फ्रेंच उच्चार ओर्लेआंच्या जवळ जातो; शेवटचा ‘स’ लिहितात, पण बोलत नाहीत. आपल्याकडची जुनी पुस्तके इंग्रजीवरून आली, म्हणून त्यांत ऑर्लिन्स सापडेल. इथे ओर्लेआं वापरले आहे. अपवाद फक्त अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सचा, कारण त्या शहराला आता दुसऱ्या नावाने कुणी ओळखणार नाही.

हे ड्यूक म्हणजे ओर्लेआं शहराचे राजे होते का?

नाही. फ्रान्सची गादी थोरल्या मुलाला मिळे. धाकट्यांचा निर्वाह इतमामाने व्हावा म्हणून राजा त्यांना एखादा प्रांत तोडून देई. त्या प्रांताचा महसूल आणि तिथले मानमरातब राजपुत्राकडे जात. ही एक प्रकारची जहागीर, पण तिला एक कडक अट होती. पुरुष वारस संपला की मुलूख परत राजाकडे. मुलींना तो मिळत नसे, विकताही येत नसे. १५६६ च्या मुलाँच्या फर्मानाने हा नियम आणखी पक्का केला.

या एका अटीमुळेच किताब पुन्हा पुन्हा मोकळा होई आणि पुन्हा पुन्हा नव्या धाकट्या मुलाला दिला जाई. म्हणून ‘ओर्लेआंचे घराणे’ असे सरसकट म्हणणे धोक्याचे आहे. चौदाव्या शतकातले ड्यूक आणि अठराव्या शतकातले ड्यूक एका वंशवेलीवर सरळ रेषेत बसत नाहीत.

शहराचे म्हणाल तर ड्यूक तिथे फारसे राहिलेच नाहीत. पंधराव्या शतकातल्या ड्यूकांचे खरे घर ब्लुआचा किल्ला. तो परगणा त्यांच्या पूर्वजाने १३९१ मध्ये विकत घेतला होता. अठराव्या शतकातले ड्यूक पॅरिसमधल्या पॅले-रोयालमध्ये आणि सँ-क्लूच्या वाड्यात राहत.

पहिला ड्यूक कोण?

राजा सहावा फिलिप याचा धाकटा मुलगा, त्याचेही नाव फिलिप. साल १३४४, मुलाचे वय सात-आठ. त्याला खरे तर आल्प्सच्या पायथ्याचा दोफिने प्रांत मिळायचा होता. तो करार ऐनवेळी थोरल्या भावाच्या नावे फिरला आणि भरपाई म्हणून धाकट्याच्या पदरात ओर्लेआं पडले. म्हणजे किताबाचा जन्मच समजूत घालण्यासाठी झाला. १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत या फिलिपची तुकडी न लढताच मैदान सोडून गेली, आणि पुढे तो इंग्लंडात ओलीसही राहिला. १३७५ मध्ये तो औरस संतती न ठेवता वारला आणि जहागीर राजाकडे परतली.

१४०७ चा खून नेमका काय होता?

या किताबाच्या इतिहासात एकच रात्र निवडायची झाली तर ती २३ नोव्हेंबर १४०७ ची.

राजा सहावा शार्ल १३९२ पासून वेडाच्या झटक्यांनी ग्रासला होता. आपले शरीर काचेचे आहे, कुणी हात लावला तर तडा जाईल, असे त्याला मधूनमधून वाटे. राजा असा, म्हणजे खजिन्याच्या किल्ल्या कुणाकडे हा प्रश्न आलाच. दावेदार दोन होते. एक राजाचा सख्खा भाऊ लुई. त्याला त्याच १३९२ साली ओर्लेआंची जहागीर मिळाली होती. दुसरा चुलत भाऊ, बर्गंडीचा ड्यूक जाँ, ज्याला लोक ‘निर्भय’ म्हणत.

भांडण निशाण्यांवरही उतरले होते. लुईने गाठीगाठींचा सोटा हे आपले चिन्ह घेतले, तर जाँने सुताराचा रंधा. सोटा तासून काढू, असा त्याचा सरळ अर्थ.

त्या रात्री लुई राणीला भेटून निघाला होता. तिचे नवजात मूल नुकतेच गेले होते. राजाने तातडीने बोलावले आहे, असा खोटा निरोप त्याला पोचवण्यात आला. व्हिएय-द्यू-ताँप्ल रस्त्यावर दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनी त्याला गाठले, हात तोडला, डोके फोडले. पुढच्या एक-दोन दिवसांतच जाँने काकांपाशी कबुली दिली आणि पॅरिसमधून पळ काढला. पण पस्तावला मात्र नाही. १४०८ मध्ये जाँ पती या धर्मशास्त्र्याने भर सभेत त्याची बाजू मांडली की जुलमी माणसाला मारणे हा गुन्हा नव्हे.

लुईची विधवा व्हॅलेंटिना व्हिस्कोंती मिलानच्या राज्यकर्त्याची मुलगी. न्याय मागत ती काळ्या वस्त्रांत दरबारात आली. न्याय मिळाला नाही, आणि खुनानंतर जेमतेम वर्षभरात ती ब्लुआला वारली. थोरला मुलगा शार्ल बापाच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी तेरा वर्षांचा झाला होता.

यातून जे यादवी युद्ध पेटले त्यात फ्रान्स दुभंगला. ड्यूक शार्लची बाजू त्याचा सासरा आर्मान्याकचा काउंट लढवी, म्हणून त्या गटाचे नाव आर्मान्याक पडले. १४१९ मध्ये मोंतरोच्या पुलावर जाँ ‘निर्भय’ कापला गेला आणि बर्गंडी उघडउघड इंग्रजांच्या बाजूला गेली. फ्रान्सवर नंतर जे ओढवले त्याचा उगम एका भाऊबंदकीत आहे, हे इंग्रजांच्या विजयांची वर्णने वाचताना सहज विसरले जाते.

जोन ऑफ आर्कने जे ओर्लेआं सोडवले ते याच ड्यूकचे का?

याच शार्लचे. पण तो तिथे नव्हता. २५ ऑक्टोबर १४१५ ला आझँकूरच्या लढाईत प्रेतांच्या ढिगाखालून त्याला जिवंत ओढून काढले आणि इंग्लंडला नेले. तेव्हा तो विशीत होता. सुटला १४४० मध्ये. पंचवीस वर्षे एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात.

मालक कैदेत असताना त्याच्या गावाला वेढा घालणे हे त्या काळच्या सरदारी रीतीला सोडून होते आणि फ्रेंचांना ते फार झोंबले. वेढा ऑक्टोबर १४२८ ला पडला, ८ मे १४२९ ला उठला. गावाचा बचाव करणारा सेनानी शार्लचा सावत्र, अनौरस भाऊ जाँ. ‘ओर्लेआंचा बास्टर्ड’ हे त्याचे अधिकृत बिरूद होते, शिवी नव्हे. पुढे तो द्युन्वाचा काउंट झाला. ड्यूकला इंग्लंडातून सोडवणे हेही आपले काम आहे, असे जोनने आपल्या खटल्यात सांगितले. विजयानंतर ड्यूकच्या खजिन्यातून तिला लाल आणि गडद हिरव्या कापडाचा पोशाख शिवून दिला गेला. ते ओर्लेआं घराण्याचे रंग.

कैदेतला ड्यूक खरेच चांगला कवी होता का?

होता, आणि हे राजपुत्र म्हणून सवलत देऊन म्हणत नाही. उदासी, वाट पाहणे, म्हातारपणाची चाहूल हे त्याचे विषय. छोट्या, फिरून ध्रुपदावर येणाऱ्या रचना हे त्याचे बलस्थान. इंग्लंडात राहून इंग्रजी कविताही त्याने रचल्याचे मानतात.

सुटकेची गोष्टही बघा. ती घडवून आणण्यात मोठा हात होता बर्गंडीच्या फिलिपचा, म्हणजे ज्याने शार्लच्या बापाला मारवले त्याच्याच मुलाचा. शार्लने त्याच्याच भाचीशी, क्लेव्हच्या मारीशी, लग्न केले. मग ब्लुआला दरबार भरवून कवी जमवले. एक ओळ द्यायची आणि प्रत्येकाने तिच्यावरून कविता पुरी करायची, म्हणजे आपली समस्यापूर्ती. त्या मैफलीत फ्राँस्वा व्हियों हा भटका, तुरुंग पाहिलेला कवीही येऊन गेला.

ओर्लेआंचे किती ड्यूक पुढे राजे झाले?

पाच. बारावा लुई, दुसरा आंरी, नववा शार्ल, तिसरा आंरी आणि सगळ्यात शेवटी लुई-फिलिप.

बारावा लुई हा कवी शार्लचा मुलगा. बाप सदुसष्टीत असताना जन्मला. तरुणपणी बंड करून तीन वर्षे तुरुंगात राहिला आणि १४९८ मध्ये राजा झाला. ज्यांनी आपल्याला पकडले त्यांच्यावर सूड घ्यायचा का, असे विचारल्यावर ‘ओर्लेआंच्या ड्यूकची भांडणे फ्रान्सच्या राजाने उकरून काढू नयेत’ अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. आजीकडून आलेला मिलानवरचा हक्क मात्र तो विसरला नाही. त्यापायी फ्रान्सने इटलीत बरीच वर्षे रक्त आटवले.

मधले तिघे फार वेळ घेण्यासारखे नाहीत. ते राजाचे धाकटे मुलगे म्हणून लहानपणी हा किताब धरून होते आणि थोरले भाऊ मेले म्हणून गादीवर आले. सोळाव्या शतकात ओर्लेआंचा किताब म्हणजे वेटिंग लिस्टचा नंबर झाला होता. लुई-फिलिपचे पुढे येईलच.

गास्तों कोण? त्याला लोक हसतात का?

तेराव्या लुईचा धाकटा भाऊ, १६२६ पासून ड्यूक. राजाला बरीच वर्षे मूल नव्हते, त्यामुळे १६३८ मध्ये चौदाव्या लुईचा जन्म होईपर्यंत गास्तों हा गादीचा पुढचा वारस. मंत्री रिशल्यूच्या विरोधात जो कट होई त्याच्या मुळाशी तो असायचा. कट फसला की तो माफी मागे, साथीदारांची नावे सांगे आणि सुटे. साथीदार सुटत नसत. १६३२ मध्ये त्याच्या बंडात सामील झालेल्या मोंमोरांसीच्या ड्यूकचे तुलूझमध्ये शीर उडवले. १६४२ मध्ये सँक-मारचे तेच झाले.

हसण्यापेक्षा त्याच्यावर चिडणे जास्त रास्त. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगतो. ब्लुआच्या किल्ल्यात फ्राँस्वा माँसार या वास्तुकाराकडून त्याने जी इमारत बांधायला घेतली ती देखणी आहे. पण अर्धीच राहिली, कारण पुतण्या जन्मला आणि राजा होण्याची आशा, पर्यायाने पैशांचा ओघ, आटला.

त्याची मुलगी बापापेक्षा कणखर निघाली. २ जुलै १६५२ ला तिने पॅरिसच्या बास्तीय किल्ल्याच्या तोफा राजाच्याच फौजेवर वळवून बंडखोर काँदेला वाचवले. गास्तों १६६० मध्ये वारला. मागे फक्त मुली, म्हणून जहागीर पुन्हा राजाकडे.

‘मस्यू’ हा माणूस कोण? हे तर सगळ्यांना लावतात ना?

दरबारात नुसते ‘मस्यू’ म्हटले की राजाचा धाकटा भाऊ समजायचे. चौदाव्या लुईचा भाऊ फिलिप (१६४०–१७०१) हा सगळ्यांत प्रसिद्ध मस्यू आणि आज ज्याला ओर्लेआं घराणे म्हणतात त्याचा मूळपुरुष.

त्याला दागिने, फिती, अत्तरे आणि पुरुष आवडत. दरबाराला ते ठाऊक होते आणि त्याने ते फारसे लपवलेही नाही. यावरून त्याला नुसता नटवा ठरवणारे १६७७ विसरतात. त्या साली कासेलच्या लढाईत त्याने ऑरेंजच्या विल्यमचा पराभव केला. थोरल्या भावाने त्याला पुन्हा सैन्याची सूत्रे दिली नाहीत. गास्तोंचा अनुभव ताजा होता, धाकट्याला नाव मिळू द्यायचे नाही हे चौदाव्या लुईचे धोरणच होते.

पहिली बायको इंग्लंडची हेन्रिएटा १६७० मध्ये अचानक वारली आणि विषप्रयोगाची कुजबुज झाली. दुसरी लीझलोट, जर्मनीतल्या पॅलाटिनेटची. मोकळीढाकळी, शिकारीची शौकीन, दरबारी नखऱ्यांना वैतागलेली. माहेरी पाठवलेल्या तिच्या हजारो पत्रांतून व्हर्सायचे जे चित्र दिसते ते कुठल्याही अधिकृत बखरीत सापडणार नाही. तिच्या माहेरच्या हक्काचे निमित्त करून चौदाव्या लुईने तिचाच मुलूख जाळला, हेही तिला व्हर्सायमध्ये बसून ऐकावे लागले. राजाने तिच्या मुलाचे लग्न आपल्या अनौरस मुलीशी ठरवले आणि मुलाने होकार दिला, तेव्हा तिने भर दरबारात त्याच्या थोबाडीत मारली.

मस्यूच्या मुली युरोपभर दिल्या गेल्या. पंधराव्या लुईची आई त्याची नात, आणि मारी आंत्वानेतचे वडील त्याचे नातू.

रीजंट म्हणजे कोण, आणि न्यू ऑर्लीन्सचा त्याच्याशी काय संबंध?

रीजंट म्हणजे अल्पवयीन राजाच्या नावाने राज्य चालवणारा. इथे तो म्हणजे थोबाडीत खाल्लेला तो मुलगा, दुसरा फिलिप (१६७४–१७२३). १ सप्टेंबर १७१५ ला चौदावा लुई वारला तेव्हा गादीचा वारस, त्याचा पणतू, पाच वर्षांचा होता. मृत राजाने मृत्युपत्रात फिलिपचे हात बांधून ठेवले होते. फिलिपने दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या पार्लमाँकडून, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून, ते रद्द करून घेतले. बदल्यात राजाच्या फर्मानांवर आक्षेप घेण्याचा त्यांचा जुना हक्क त्यांना परत दिला. सौदा त्या दिवसापुरता स्वस्त पडला. पुढच्या सत्तर वर्षांत याच न्यायालयांनी राजांच्या नाकी नऊ आणले.

रीजंट हुशार होता. चित्रे काढी, संगीत रची, रसायनशास्त्राचे प्रयोग करी. रात्रीच्या मेजवान्यांसाठी बदनामही तितकाच. दिवसा काम मात्र चोख. बालराजाची गादी बळकावण्याचा आळ त्याच्यावर कायम होता. राजा सुखरूप वयात आला, हेच त्याला उत्तर.

त्याची मोठी चूक म्हणजे जॉन लॉ. लढायांनी खजिना रिकामा झालेला, म्हणून या स्कॉटिश जुगारी-अर्थतज्ज्ञाला १७१६ मध्ये बँक काढू दिली, मग लुइझियाना वसाहतीच्या व्यापाराची कंपनी. ५०० लिव्हरचा (लिव्हर हे तेव्हाचे फ्रेंच चलन) शेअर वर्षा-दोन वर्षांत दहा हजारांच्या घरात गेला. बँक नोटा छापे, नोटांनी लोक शेअर घेत, शेअर चढले की आणखी नोटा. १७२० मध्ये सगळे कोसळले आणि डिसेंबरात लॉ देश सोडून पळाला. कागदी पैशाबद्दलचा फ्रेंचांचा धसका पुढे कित्येक पिढ्या टिकला.

याच कंपनीने १७१८ मध्ये मिसिसिपीच्या काठी जे गाव वसवले त्याला रीजंटचे नाव दिले. तेच न्यू ऑर्लीन्स. ओर्लेआं शहरावरून ते आले असे म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे.

रीजंट हिऱ्याचा भारताशी संबंध खरा आहे का?

पूर्ण खरा. हा हिरा गोवळकोंड्याच्या मुलखातल्या कोल्लूरच्या खाणीतला, कृष्णाकाठचा. महाबळेश्वरला गोमुखातून निघणारी ती हीच कृष्णा. मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिट याने तो एका हिंदी व्यापाऱ्याकडून घेतला. कच्चा दगड सुमारे ४१० कॅरटचा. लंडनमध्ये पैलू पाडल्यावर उरला १४० कॅरटच्या आसपास. युरोपातल्या राजांनी किंमत ऐकून हात झटकले. शेवटी १७१७ मध्ये रिकाम्या खजिन्याच्या फ्रान्ससाठी रीजंटने तो विकत घेतला. १७२२ मध्ये पंधराव्या लुईच्या राज्याभिषेकाच्या मुकुटात तो होता, नंतर नेपोलियनच्या तलवारीच्या मुठीत. आता लूव्र संग्रहालयात आहे. पिटने हिऱ्याच्या पैशांतून जे घराणे उभे केले त्यात पुढे इंग्लंडचे दोन पंतप्रधान निपजले.

रीजंटनंतर लगेच क्रांतिकारक ड्यूक आला का?

मध्ये दोन पिढ्या गेल्या. रीजंटचा मुलगा लुई अतिशय देवभोळा. बायको तरुणपणी गेल्यावर तो हळूहळू मठात जाऊन राहिला. त्याचा मुलगा लुई-फिलिप ‘जाड्या’, नाटकवेडा आणि सुखवस्तू. लक्षात ठेवायची एकच गोष्ट म्हणजे थोरल्या मुलाला, बाप जिवंत असेतो, शार्त्रचा ड्यूक म्हणत. त्यामुळे एकच माणूस जुन्या कागदांत आधी शार्त्र आणि मग ओर्लेआं म्हणून दिसतो.

फिलिप ‘एगालिते’च्या एका मताने राजा मेला, हे खरे का?

नाही, पण ही गोष्ट कुठून आली ते कळण्यासारखे आहे.

मस्यूपासून मोजला तर पाचवा ड्यूक, लुई फिलिप जोसेफ (१७४७–१७९३) हा फ्रान्समधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. तरी पैसा पुरेना. म्हणून त्याने पॅले-रोयालच्या बागेभोवती कमानी बांधून दुकाने भाड्याने दिली. आता तुम्ही दुकानदार झालात, म्हणजे रविवारीच भेटणार, असा टोमणा राजाने मारल्याचे सांगतात. जागा ड्यूकच्या खासगी मालकीची, म्हणून पोलिसांना तिथे मज्जाव. मग काय, जुगार, पत्रके, राजकारण सगळे तिथेच. १२ जुलै १७८९ ला कामीय देमुलँने लोकांना हत्यारे उचलायला सांगितले ते याच बागेतल्या एका कॅफेसमोर. दोन दिवसांनी बास्तीय पडला.

त्याआधीच, २५ जूनला, ड्यूक ४६ इतर सरदारांबरोबर सामान्यांच्या सभेत जाऊन बसला होता. १७९० मध्ये किताब गेला आणि १७९२ मध्ये त्याने ‘एगालिते’, म्हणजे समता, हे आडनाव घेतले. जानेवारी १७९३ मध्ये राजा सोळाव्या लुईच्या शिक्षेवर मतदान झाले तेव्हा त्याने मृत्युदंड म्हटले. सभागृह सुन्न झाले. राजाच्या मरणाची मागणी करणाऱ्या कट्टरांनाही भाऊबंदाचे हे मत पचले नाही.

आता आकडे. ७२१ मतांपैकी बहुमताला ३६१ लागत, आणि विनाअट मृत्युदंडाची मते नेमकी ३६१ भरली. म्हणून ‘एका मताने’. पण आणखी २६ जणांनी अंमलबजावणी केव्हा करावी याची चर्चा जोडून मृत्युदंडच मागितला होता, म्हणजे एकूण ३८७. शिवाय शिक्षा लांबणीवर टाकायची का यावर वेगळे मतदान झाले आणि तेही ३८० विरुद्ध ३१० ने फेटाळले गेले. फिलिप घरी बसला असता तरी राजा वाचला नसता. त्याने मत का दिले? माझ्या मते महत्त्वाकांक्षेपेक्षा भीतीने. तोपर्यंत त्याच्या हातात काहीच उरले नव्हते.

एप्रिलमध्ये त्याचा थोरला मुलगा सेनापती द्युमुरिएबरोबर शत्रूच्या गोटात पळाला आणि बाप अटकेत गेला. ६ नोव्हेंबर १७९३ ला खटला, निकाल आणि गिलोटिन, सगळे एका दिवसात.

तोच पळालेला मुलगा राजा झाला?

तोच. लुई-फिलिप (१७७३–१८५०). व्हाल्मी आणि जमाप या लढायांत क्रांतीच्या बाजूने लढलेला. परागंदा झाल्यावर स्वित्झर्लंडमध्ये खोट्या नावाने शाळामास्तरकी केली, मग अमेरिका हिंडला. १८१४ नंतर परत आला, जहागीर परत मिळाली. या काळात त्याच्या कचेरीत अलेक्झांडर द्युमा नावाचा एक कारकून होता. अक्षर सुंदर, लक्ष नाटकांत.

जुलै १८३० च्या क्रांतीत दहावा शार्ल पळाला आणि ड्यूक गादीवर आला. पण ‘फ्रान्सचा राजा’ म्हणून नाही, ‘फ्रेंचांचा राजा’ म्हणून. छत्री घेऊन पायी फिरणारा, मध्यमवर्गाचा राजा. व्यंगचित्रकारांनी त्याचा चेहरा पिकत पिकत नासपती होताना दाखवला आणि भिंतींवर पोरेही नासपती काढू लागली. फेब्रुवारी १८४८ मध्ये तोही पायउतार झाला आणि ‘मिस्टर स्मिथ’ या नावाने इंग्लंडला गेला.

इतक्या संपत्तीचे काय झाले?

नियमाप्रमाणे राजा होणाऱ्याची जहागीर राज्यात विलीन होते, आणि १८३० मध्ये ओर्लेआंची तशी झालीही. पण लुई-फिलिप हिशेबी माणूस. ९ ऑगस्टला शपथ घेण्याच्या दोन दिवस आधी त्याने खासगी मालमत्ता मुलांच्या नावे केली. २२ जानेवारी १८५२ ला नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन याने तीही जप्त केली. पॅरिसकर म्हणाले, हे गरुडाचे पहिले ‘व्होल’. गरुड म्हणजे बोनापार्टांची निशाणी, आणि फ्रेंचमध्ये व्होल म्हणजे उड्डाणही, चोरीही. १८७२ मध्ये उरलेली मालमत्ता परत मिळाली.

शेवटचे ड्यूक कोण?

राजा झाल्यावर लुई-फिलिपने किताब थोरल्या मुलाला, फर्दिनांला दिला. तो लोकप्रिय होता. १३ जुलै १८४२ ला नुयीजवळ त्याच्या गाडीचे घोडे उधळले, तो बाहेर फेकला गेला आणि डोके फुटून काही तासांत गेला. वय ३१. राजघराण्याचे भवितव्य त्या रस्त्यावर संपले म्हणायला हरकत नाही.

त्याचा नातू फिलिप (१८६९–१९२६) हा किताब लावणारा पुढचा मोठा माणूस. १८८६ च्या कायद्याने माजी राजघराण्यांच्या प्रमुखांना आणि त्यांच्या थोरल्या मुलांना देशबंदी झाली होती. हा एकविसाव्या वर्षी गुपचूप पॅरिसला आला आणि म्हणाला, मला साधा शिपाई म्हणून भरती करून घ्या. सरकारने तुरुंगात टाकले, काही महिन्यांनी हाकलून दिले. आपल्याला फक्त शिपायाच्या डब्यातले जेवण हवे होते, हा त्याचा दावा, म्हणून पॅरिसने त्याला ‘डबा राजपुत्र’ असे नाव ठेवले.

नंतर गादीपेक्षा त्याचे मन समुद्रात आणि शिकारीत जास्त रमले. तरुणपणी ब्रिटिश लष्कराबरोबर तो हिंदुस्थानात राहिला, नेपाळच्या तराईत वाघ मारले. १९०५ मध्ये ‘बेल्जिका’ जहाजातून ईशान्य ग्रीनलंडच्या अज्ञात किनाऱ्यापर्यंत गेला. त्याच्या शिकारीचा प्रचंड संग्रह पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाला मिळाला. मूलबाळ नव्हते. पालेर्मोत वारला.

आज हा किताब आहे का?

कायद्याने जहागीर १८३० मध्येच संपली. घराण्याचे वंशज आहेत, देशबंदी १९५० मध्ये उठली, आणि कुटुंबात हा किताब अजून मानाने वापरतात. पण फ्रान्स प्रजासत्ताक आहे. त्यामागे जमीन नाही, अधिकार नाही. राजेशाहीवाद्यांत मात्र वाद जिवंत आहे. ओर्लेआंवाले म्हणतात, हक्क आमचा, कारण चौदाव्या लुईचा नातू, स्पेनचा राजा पाचवा फिलिप याने उत्रेख्त तहाच्या वेळी फ्रान्सच्या गादीवर पाणी सोडले. त्या फिलिपच्या वंशजांच्या बाजूचा दुसरा गट म्हणतो, जन्मसिद्ध हक्क कुणी सोडूच शकत नाही. वाद ऐकायला मजेदार, गादी मात्र कुठेच नाही.

जुन्या चित्रांत, इमारतींवर ओर्लेआं कसे ओळखायचे?

निळ्या ढालीवर सोनेरी लिलीची तीन फुले, आणि वरच्या बाजूला तीन दात असलेली रुपेरी आडवी पट्टी. ती पट्टी म्हणजे धाकटी पाती. ब्लुआमध्ये साळिंदर दिसले तर तेही यांचेच: खून झालेल्या लुईने १३९४ मध्ये साळिंदराचा मानकरी-संघ काढला आणि नातू बाराव्या लुईने ते चिन्ह राजदरबारात नेले.

फ्रान्सला गेल्यास कुठे पाहावे?

ब्लुआचा किल्ला आधी. एकाच चौकात बारावा लुई आणि गास्तों यांची कामे समोरासमोर आहेत. पॅरिसमध्ये पॅले-रोयालची बाग. तिथे आजही दुकाने आहेत. सँ-देनीच्या चर्चमध्ये कवी शार्ल, त्याचे आईवडील यांचे संगमरवरी स्मारक, जे बाराव्या लुईने करवून घेतले.

आणि वेळ असेल तर पॅरिसच्या पश्चिमेला द्रू. तिथली समाधी-चॅपेल एगालितेच्या विधवेने १८१६ मध्ये बांधायला घेतली. फर्दिनां तिथे आहे. त्याची बायको हेलेन प्रॉटेस्टंट, म्हणून तिची समाधी शेजारच्या वेगळ्या दालनात. पण मधल्या उघड्या कमानीतून तिच्या पुतळ्याचा हात त्याच्याकडे पोचलेला दाखवला आहे. ज्याच्या विधवेने हे बांधले तो एगालिते मात्र द्रूला नाही. त्याला पॅरिसच्या मादलेन दफनभूमीत टाकले होते, जिथे दहा महिन्यांपूर्वी, ज्याच्या मृत्युदंडाला त्याने मत दिले त्या राजाला पुरले होते. १८१५ मध्ये राजाचे अवशेष शोधून सँ-देनीला नेण्यात आले.